बाईची जबानी कुणी लिहायची?
व्हेरा कॅस्परी : रहस्यकथा, पटकथा आणि एका लेखिकेचे कामाचे आयुष्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुंडाबळी, पोटगी, दारूबंदी, जमिनीचा सातबारा हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. त्यात आज रहस्यकथा लिहिणारी एक अमेरिकन बाई कुठून आली, असे काहीजणींना वाटले असेल. रहस्यकथा म्हणजे एस.टी.त वेळ काढायला घ्यायची आणि उतरताना सीटवर सोडून द्यायची चीज, असाच आपला समज असतो.

पण रहस्यकथेत असते काय, ते जरा बघा. एक गुन्हा असतो. पुष्कळदा मेलेली असते ती बाई. मग तिच्याविषयी सगळे बोलू लागतात. नवरा बोलतो, प्रियकर बोलतो, शेजारी बोलतात, पोलीस आणि वर्तमानपत्रवाले बोलतात. ती कशी होती, कुणाबरोबर हिंडत होती, तिचे वागणे कसे होते, हे जो तो आपापल्या सोयीने सांगतो. बोलत नाही ती फक्त तीच.

आपल्या सल्ला केंद्रांवर येणारी प्रकरणे यापेक्षा वेगळी आहेत का? जळालेल्या सुनेची हकिकत सासरचे सांगतात. जिवंत बाईची तक्रार ठाण्यातला हवालदार आपल्या भाषेत उतरवतो आणि ती खाली अंगठा देते. कागदावर तिचे नाव असते, पण तिचे शब्द नसतात. बाईची जबानी कुणी लिहायची, हा आपला रोजचा प्रश्न आहे. व्हेरा कॅस्परी या लेखिकेने हाच प्रश्न एका खुनाच्या कादंबरीत मांडला. पुढे त्या कादंबरीचा सिनेमा झाला आणि बाईची जबानी तिच्या डोळ्यांदेखत काढून टाकली गेली. म्हणून तिच्याविषयी बोलायचे.

टंकलेखनाच्या यंत्रापासून सुरुवात

व्हेराचा जन्म १८९९ सालचा, शिकागो शहरातला. मध्यमवर्गीय ज्यू कुटुंब, वडील एका मोठ्या दुकानासाठी मालाच्या खरेदीचे काम करीत. भावंडांत ही शेंडेफळ, आईच्या उतारवयात झालेली. १९१७ साली शाळा संपली. वडिलांनी तिला सहा महिन्यांच्या व्यापारी अभ्यासक्रमाला घातले आणि ती लघुलेखिका झाली. म्हणजे दुसऱ्याने बोलायचे आणि हिने उतरवून घ्यायचे. त्या काळात शिकलेल्या मुलीसाठी कचेरीचे जे दार उघडे होते ते एवढेच.

पण तिला स्वतः लिहायचे होते. खटपट करून ती जाहिरातींचा मजकूर लिहू लागली. टपालाने चालणारे अभ्यासक्रम तेव्हा अमेरिकेत जोरात होते. अशा एका कामात तिने सर्गेई मारिनॉफ नावाचा एक रशियन नृत्यगुरू निर्माण केला. हा गुरू टपालाने बॅले नृत्य शिकवायचा! मारिनॉफ नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. धडे लिहीत होती व्हेरा. शिकणाऱ्या मुली गुरुजींवर विश्वास ठेवून पैसे भरत होत्या.

ऐकायला गंमत वाटते, पण त्यातली गोम लक्षात घ्या. मजकूर बाईचा, कष्ट बाईचे, पण विकला जायचा तो पुरुषाच्या नावावर, कारण ज्ञान द्यायचा अधिकार पुरुषाचा. बाजार काय विकतो आणि कसे विकतो, याचे शिक्षण तिला इथेच मिळाले. तिच्या पुढच्या कादंबऱ्यांत जाहिरात कंपन्यांत काम करणाऱ्या, नियतकालिकांत राबणाऱ्या बायका येतात, त्या अशा आतून पाहिलेल्या आहेत.

१९२४ साली वडील वारले आणि आईची जबाबदारी तिच्यावर आली. तिने लिहिले ते पोटासाठी लिहिले, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. ‘कलेसाठी कला’ म्हणणाऱ्यांच्या घरी चूल कोण पेटवते, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. इथे चूल आणि लेखणी दोन्ही एकीच्याच हातात होत्या.

नोकरदार मुलींच्या गोष्टी

१९२९ साली तिची ‘द व्हाइट गर्ल’ ही कादंबरी आली. उजळ रंगाची एक काळी मुलगी शिकागो सोडून न्यूयॉर्कला जाते आणि गोरी म्हणून राहू लागते, असे कथानक. त्याच वर्षी नेला लार्सन या काळ्या लेखिकेची ‘पासिंग’ ही कादंबरीही याच विषयावर आली. या दोन्ही पुस्तकांची नावे आपण एका दमात घेतली पाहिजेत. कॅस्परी गोरी होती. काळ्या मुलीची जबानी तिने सहानुभूतीने लिहिली खरी, पण ती दुसरीने लिहिलेली जबानी होती. बायका-बायकांमध्येही लेखणी कुणाच्या हाती आहे हे बघावे लागते. आपल्याकडे दलित आणि आदिवासी मैत्रिणी हीच गोष्ट आपल्याला वारंवार सांगत आल्या आहेत.

पुढे विनिफ्रेड लेनिहान हिच्याबरोबर तिने ‘ब्लाइंड माइस’ हे नाटक लिहिले. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींच्या वसतिगृहात घडणारे हे नाटक, आणि त्यातली सगळी पात्रे बायकाच. त्यावरून १९३१ साली ‘वर्किंग गर्ल्स’ हा सिनेमा निघाला. पटकथा झोई एकिन्स हिची आणि दिग्दर्शन डोरोथी आर्झनर हिचे. हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये त्या काळी दिग्दर्शनाच्या कामात टिकून राहिलेली आर्झनर ही जवळजवळ एकटीच बाई. चार बायकांच्या हातून नोकरदार मुलींची गोष्ट पडद्यावर आली, असा योग नंतर फार क्वचित जुळला.

तिसाव्या दशकात मंदी आली, बेकारी आली, युरोपात फॅसिझम उभा राहिला. व्हेरा कम्युनिस्ट पक्षात गेली. पक्षात तिचे नाव ल्यूसी शेरिडन. बघा, पुन्हा दुसरे नाव. १९३९ साली ती सोव्हिएत युनियनला जाऊन आली. त्याच साली स्टालिन आणि हिटलर यांचा करार झाला. अनेकांप्रमाणे तिचाही भ्रमनिरास झाला आणि ती पक्षापासून दूर झाली. या काळाचा हिशेब तिने बऱ्याच वर्षांनी, १९६७ साली, ‘द रोझक्रेस्ट सेल’ या कादंबरीत मांडला.

‘लॉरा’ : खून झालेली बाई परत येते तेव्हा

आता मुख्य पुस्तकाकडे येऊ. ‘लॉरा’ १९४२ साली ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली आणि १९४३ साली पुस्तकरूपाने आली.

लॉरा हंट जाहिरात कंपनीत वरच्या पदावर पोचलेली, स्वतःच्या कमाईवर स्वतंत्र राहणारी बाई. तिच्या घराच्या दारात एका बाईला बंदुकीने मारलेले सापडते. चेहरा ओळखू येत नाही. सगळे धरून चालतात की लॉराच मेली. तपासाला मार्क मॅकफर्सन नावाचा पोलीस अधिकारी येतो. भिंतीवर लॉराची तसबीर असते. ती बघता बघता, तिची पत्रे वाचता वाचता तो त्या मेलेल्या बाईत गुंतत जातो. आणि मग एके रात्री लॉरा किल्लीने दार उघडून आपल्या घरात येते. ती गावाबाहेर गेलेली असते. मेलेली बाई दुसरीच. आता खुनाचा बळी असलेली लॉरा एका क्षणात खुनाची संशयित होते.

मेलेली असेपर्यंत ती देवता होती, जिवंत परतल्याबरोबर तिच्यावर संशय सुरू झाला. हे आपल्या ओळखीचे नाही काय?

आता या कादंबरीची रचना सांगते, कारण सगळे मर्म तिथे आहे. पहिला भाग सांगतो वाल्डो लायडेकर. हा प्रसिद्ध स्तंभलेखक. पेनाच्या एका जाहिरातीला त्याचे नाव मिळवायला लॉरा तरुणपणी त्याच्याकडे गेलेली असते. त्यामुळे ‘मी तिला घडवली’ असा त्याचा दावा. दुसरा भाग सांगतो पोलीस अधिकारी. तिसरा भाग म्हणजे लॉराच्या वाग्दत्त वराने वकिलासमक्ष दिलेली आणि लघुलेखकाने उतरवलेली जबानी. तीन पुरुष, तीन लॉरा. एकाची लॉरा त्याच्या हातची मूर्ती, दुसऱ्याची तसबिरीतली सुंदरी, तिसऱ्याची पैसे पुरवणारी भावी बायको. हे सगळे झाल्यावर चौथा भाग येतो आणि तो लॉरा स्वतः लिहिते. आपल्या मनात काय चालले आहे हे समजावे म्हणून ती कागद घेऊन बसते. तिथे पहिल्यांदा आपल्याला चुकणारी, रागावणारी, काम करून दमलेली, आपल्या पगारावर पुरुषाला पोसताना मनातून चिडणारी एक खरी बाई भेटते.

वेगवेगळ्या पात्रांनी आपापली हकिकत सांगायची, ही रीत इंग्लंडच्या विल्की कॉलिन्सने एकोणिसाव्या शतकातच वापरली होती. कॅस्परीने तिला वेगळे वळण दिले. दुसऱ्यांच्या जबान्या उतरवून घेत जिचे कामाचे आयुष्य सुरू झाले, त्या बाईने आपल्या नायिकेच्या हातात लेखणी दिली.

खून कुणी केला हे मला सांगावेच लागेल, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. खुनी आहे वाल्डो. ‘माझी नाही तर कुणाचीच नाही’, हे त्याचे कारण. सुसंस्कृत माणूस, भाषेवर प्रभुत्व, घर दुर्मिळ वस्तूंनी भरलेले, आणि बाईही त्याला त्या वस्तूंपैकीच एक वाटते. एकतर्फी प्रेमातून मुलीवर ॲसिड फेकणाऱ्याची आणि या पंडिताची मानसिकता एकच आहे. बाईवरचा हिंसाचार अडाणी, दारुड्या माणसाच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांना हे पुस्तक चांगले उत्तर आहे.

सिनेमात काय झाले

१९४४ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘लॉरा’वर सिनेमा काढला. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर, लॉराच्या भूमिकेत जीन टिअर्नी. सिनेमा गाजला. पाच ऑस्करसाठी नामांकने झाली, छायाचित्रणाचे मिळाले. आजही जुन्या गुन्हेपटांच्या कुठल्याही यादीत त्याचे नाव वर असते.

पटकथा दुसऱ्यांनी लिहिली. स्टुडिओशी झालेला करार आपल्या सोयीचा नव्हता, हे कॅस्परीने पुढे स्वतःच सांगितले आहे. कथा विकली म्हणजे त्या कथेतल्या बाईवरचा हक्कही गेला. पटकथेचा मसुदा वाचून ती प्रेमिंजरशी भांडली. तिचे म्हणणे असे की, माझी लॉरा आपल्या पायांवर उभी असलेली, आपल्या इच्छा ओळखणारी बाई आहे आणि तुम्ही तिची बाहुली करता आहात. हा वाद सिनेमा आल्यावरही मिटला नाही. १९७१ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, तिने ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये ‘माझी लॉरा आणि ऑटोची लॉरा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून आपली बाजू पुन्हा मांडली.

तिचा आक्षेप किती खरा होता हे सिनेमा बघून आपणच ठरवू शकतो. सिनेमा वाल्डोच्या आवाजात सुरू होतो. लॉराचा स्वतःचा निवेदनाचा भाग सिनेमात नाही. चौथी जबानी गळाली आणि तसबीर तेवढी मोठी झाली. आणखी एक बदल बघा. कादंबरीत वाल्डोची बंदूक त्याच्या हातातल्या काठीत लपवलेली असते. तो जिच्या आधाराने रुबाबात चालतो, तीच काठी जीव घेते. सिनेमात ती बंदूक घड्याळात गेली. कॅस्परीला हा बदल फार लागला. काठीतून त्याच्या पुरुषीपणाचा पोकळपणा दिसत होता. घड्याळ नुसते लपवण्याची जागा झाले.

आणि जी खरोखर मेली तिचे काय? डायन रेडफर्न, जाहिरातींसाठी छायाचित्रे काढून घेणारी एक गरीब मॉडेल. पुस्तकात तिच्या आयुष्याचा थोडा तरी माग निघतो. सिनेमात ती जिवंत अशी येतच नाही. खून झाला तिचा आणि दुःख केले गेले लॉराचे. लॉरा परत आल्यावर सगळ्यांना जो आनंद होतो, त्यात डायनसाठी कुणी रडत नाही. गरीब बाईचा मृत्यू कथानकाची सोय म्हणून वापरला गेला. पुस्तकाचे कौतुक करताना हेही बोलले पाहिजे.

बायकोचा धंदा

१९४५ सालची ‘बेडेलिया’ अगदी उलट टोकाची. काळ १९१३ चा. बेडेलिया सुंदर, गोड बोलणारी, घर नेटके ठेवणारी, नवऱ्याला हवे ते करून घालणारी. आणि विम्याच्या पैशासाठी नवऱ्यांना मारणारी. आदर्श गृहिणीचे सगळे गुण हिच्याकडे आहेत आणि तेच तिचे हत्यार आहे.

‘बायकांची बदनामी करणारे पुस्तक’ असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. लॉरा कमावते, म्हणून तिला नवऱ्यावाचून जगता येते. बेडेलियाच्या जगात बाईला लग्न हीच एकमेव नोकरी आहे. त्या नोकरीत तिने जे कौशल्य मिळवले त्याचे टोक कॅस्परी दाखवते. तिने बेडेलियाची बाजू घेतलेली नाही. पण वाचून संपले की मनात प्रश्न राहतो : गोड, आज्ञाधारक, परावलंबी बायकोच हवी, असे ठरवले कुणी?

श्रेय आणि संशय

स्टुडिओत लेखकाचे काम साखळीने चालते. कथा एकाची, रूपांतर दुसऱ्याचे, पटकथा तिसऱ्याची. कॅस्परीचे नाव बहुतेकदा पहिल्या दोन कड्यांत दिसते. ‘अ लेटर टू थ्री वाइव्ह्ज’ (१९४९) या सिनेमाचे रूपांतर तिचे. पटकथा आणि दिग्दर्शन या दोन्हींची ऑस्कर मिळाली जोसेफ मॅन्किविझला. ‘आय कॅन गेट इट फॉर यू होलसेल’ (१९५१) च्या रूपांतरातही ती होती. मूळ कादंबरीचा नायक कपड्यांच्या धंद्यात वर चढणारा पुरुष होता, सिनेमात त्याच्या जागी एक महत्त्वाकांक्षी बाई आली.

‘द ब्लू गार्डेनिया’ (१९५३) तिच्या कथेवरून फ्रिट्झ लांगने केला. टेलिफोन एक्स्चेंजमधली एक मुलगी. एक पुरुष तिला दारू पाजून घरी नेतो आणि जबरदस्ती करू लागतो. ती हातात सापडेल त्याने प्रतिकार करते आणि बेशुद्ध पडते. सकाळी तो मेलेला. तिला काही आठवत नाही. खून आपणच केला असे तिला वाटू लागते. इकडे एक वार्ताहर ‘अज्ञात खुनी स्त्रीला’ जाहीर पत्र लिहून मदतीचे आमिष दाखवतो, कारण त्याला सनसनाटी बातमी हवी आहे. ‘तू त्याच्या घरी गेलीसच कशाला?’ हा प्रश्न या मुलीला दुसऱ्या कुणी विचारण्याआधी तीच स्वतःला विचारते आहे. शेवटी खुनी निघते दुसरीच, त्याच पुरुषाने फसवलेली. स्त्रीवादी अभ्यासक ई. ॲन कॅप्लन यांनी १९७८ साली या सिनेमावर लिहून दाखवले की, इथे पुरुषांनी रचलेल्या हकिकतीला बाईच्या बाजूने तडा जातो. माझ्या मते त्या तड्याखाली कॅस्परीची कथा आहे.

याच काळात डाव्या विचारांच्या सिनेमावाल्यांची अमेरिकेत शिकार चालली होती. १९४७ पासून संसदेची समिती साक्षी घेत होती आणि काळ्या याद्या फिरत होत्या. कॅस्परी तथाकथित करड्या यादीत गेली. म्हणजे उघड बंदी नाही, पण काम मिळताना हात आखडता. नवरा इसाडोर गोल्डस्मिथ हा निर्माता होता. ही दोघे काही वर्षे युरोपात जाऊन राहिली. जिच्या लिखाणातून बाईची जबानी काढून टाकली जात होती, तिच्याकडूनच आता राजकीय जबानी मागितली जाण्याची टांगती तलवार होती.

१९६४ साली नवरा वारला. ती न्यूयॉर्कला परतली आणि लिहीत राहिली. १९७९ साली, ऐंशीच्या घरात असताना, तिने आत्मचरित्र लिहिले : ‘द सीक्रेट्स ऑफ ग्रोन-अप्स’. ही तिची स्वतःची जबानी. १९८७ साली ती गेली.

आपण काय घ्यायचे

ती गेली तेव्हा तिची बहुतेक पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती. लोकांना सिनेमा माहीत होता, लेखिका नव्हती. तिला परत कुणी आणले? न्यूयॉर्कच्या ‘फेमिनिस्ट प्रेस’ या स्त्रीवादी प्रकाशनाने. २००५ साली त्यांनी ‘लॉरा’ आणि ‘बेडेलिया’ पुन्हा छापल्या. २०१५ साली ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ने चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या स्त्री रहस्यकथाकारांचे दोन खंड काढले, त्यातही ‘लॉरा’ आली. बायकांचे लिखाण टिकवायचे तर छापखाना, ग्रंथालय, नियतकालिक बायकांच्या हाती असावे लागते. आपले हे त्रैमासिक वर्गणीसाठी दारोदार फिरून का चालवायचे, याचे यापेक्षा चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट केंद्रावरच्या कामाची. ठाण्यात प्रथम खबर नोंदवली की ती तक्रारदाराला वाचून दाखवलीच पाहिजे आणि तिची प्रत फुकट दिली पाहिजे. हा नियम जुन्या फौजदारी संहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. लैंगिक गुन्ह्यांची खबर स्त्री पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायची असते. पण नियम असून भागत नाही. आपण सोबत जातो तेव्हा घाई करू नये. सही किंवा अंगठा देण्याआधी बाईला प्रत्येक वाक्य ऐकवायला लावावे आणि ‘हे तू असेच म्हणालीस का?’ म्हणून विचारावे. आपण स्वतः प्रकरणाची नोंद लिहितो तेव्हाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या अहवालांतही कधी कधी तिच्या तोंडी आपले शब्द जातात, मग ते कितीही चांगल्या हेतूचे असोत.

आणि शक्य झाले तर गटात ‘लॉरा’ सिनेमा दाखवा. इंग्रजी येणाऱ्या मैत्रिणीने कादंबरीतला चौथा भाग मराठीत तोंडी सांगावा. मग बायकांना विचारा : सिनेमातली लॉरा आणि ही लॉरा, दोघींपैकी कोण ओळखीची वाटते? आणि डायनची गोष्ट कुणी सांगायला हवी होती?

माझे बोलणे इथे थांबवते. आता तुम्ही बोला.